दातात धरलेला पेचकस

बाबा, परवा दुकानात एक मोठी गाडी आली. मोटरसायकलच, पण तुम्ही पाहिली असती तर आधी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या असत्या आणि मग विचारलं असतं, हिला गोठा केवढा लागतो. पुढे वारा अडवायला भलंमोठं कवच, त्यात दोन स्पीकर बसवलेले, मागे दोन्ही बाजूंना सामानाचे डबे. मालक मुंबईचा, म्हणजे मुळात आपल्याच वाडीतला, देवळामागच्या घरातला. आजोबांच्या घरावर पत्रे घालून घ्यायला आठ दिवसांची सुट्टी काढून आला होता. त्याला जुने स्पीकर काढून मोठे हवे होते, सीटखाली अँप्लिफायर आणि डब्यांच्या झाकणांत आणखी दोन स्पीकर. "काका, आंबेनळी घाट चढताना वारा लागला की गाणं अख्खं उडून जातं. स्पीडला पण क्लिअर ऐकायला आलं पाहिजे." मी म्हटलं, आंबेनळीत स्पीड घेणाऱ्यानं गाणं कशाला ऐकायचं, देवाचं नाव घ्यावं. तो खूप हसला. मला हसू आलं नाही. मला हल्ली हसायचासुद्धा कंटाळा येतो, बाबा. सकाळी शटर वर करतानाच वाटतं, आता खाली कधी ओढायचं.

काम दोन दिवस चाललं. पावसात भिजले तरी फुगणार नाहीत असे स्पीकर मुंबईहून तोच घेऊन आला होता. कवच उघडायचं म्हणजे बारीक बारीक क्लिपा, एक तुटली की गिऱ्हाईक तोंड वाकडं करणार. बॅटरीपासून फ्यूज टाकून वायर मागे नेली, अँप्लिफायर बसवला, त्याची अर्थिंगची वायर चेसीच्या बोल्टला आवळली. जमिनीवर बसून काम करायचं आणि उठताना गाडीच्या चाकाला धरायचं, अशी माझी गत. दुकान तेच आहे, महाडच्या पेठेतलं, तुम्ही घेतलेलं. भिंतीवरची पुराची रेघ दरवर्षी रंगवतो आणि दरवर्षी ती पुन्हा वर येते. वायरींच्या खणात तुमचा स्क्रू पिळायचा पेचकसही तसाच आहे, लाकडी मुठीचा, मुठीवर तुमच्या दातांच्या खुणा असलेला.

तो पेचकस म्हणजे तुमची उस्तादी, असं सगळे समजायचे. लग्न असो, शिमगा असो, पोलादपूरपासून वरच्या वाड्यांपर्यंत तुमचा स्पीकर जायचा, आणि वाजवायच्या आधी तुम्ही स्पीकरच्या खोक्याजवळ उकिडवे बसायचात. मूठ दातात, टोक स्पीकरच्या लोखंडी कडीवर, डोळे मिटलेले. मी सातवी-आठवीत असेन, तेव्हा एकदा विचारलं होतं, असं केल्यानं काय ऐकू येतं? तुम्ही दातातून पेचकस न काढताच माझ्या पाठीत धपाटा घातलात आणि मग म्हणालात, "तुला कान दिलेत ना देवानं? मग त्यांनी ऐक." मला वाटलं, धंद्यातलं गुपित पोराला इतक्यात सांगायचं नसेल.

तर, दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी तयार झाली. तो तुडील गावापर्यंत फेरी मारून आला आणि हेल्मेट काढायच्या आत म्हणाला, "काका, आवाज एक नंबर, पण शिट्टी येते." मी म्हटलं, नाही येत. त्यानं गाडी जागेवर चालू करून रेस दिली. "ही बघा. रेस वाढवली की वाढते." मला इंजिन ऐकू येत होतं, गाणं ऐकू येत होतं, शिट्टी नाही. मी त्याला गाण्यातच असेल म्हणालो, मग वारा म्हणालो, मग त्याच्या मोबाइलवर घसरलो. चांगलाच आवाज चढवला मी. तेवढ्यात तुमची सून डबा घेऊन आली. ती पायरीवर थांबून माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो, येते की. केवढी येते." हळूच म्हणाली ते मला तिच्या ओठांवरून कळलं.

तसं मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी सांगितलंय की कानातलं बारीक हाड आखडत चाललंय, आतली नस शाबूत आहे, पण बाहेरचा आवाज तिथवर पोचत नाही. "घरात आणखी कुणाला होतं का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. माझ्या तोंडून ते इतकं पटकन निघालं, जसं त्या हळदीला निघालं होतं.

ती हळद तुम्हाला आठवत असणारच. मी बावीस वर्षांचा. मांडवात बायका गाणी म्हणतायत, माइक त्यांच्यासमोर धरलाय, आणि तुम्ही मशीनवर बसून आवाज वाढवताय. बारीक शिट्टी सुरू होते, तुम्हाला कळत नाही, तुम्ही बटण आणखी फिरवता. मग ती अशी किंचाळते की पोरं रडायला लागतात, बायका पदरानं कान झाकतात, आणि तुमचा हात अजून बटणावर. मी धावत येतो, चार लोकांत तुमचा हात झटकून बटण खाली आणतो. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता, काहीतरी बिघडलंय एवढं तुम्हाला उमगतं, आणि पेचकस घेऊन तुम्ही खोक्याकडे जाता. इकडे नवरीचा चुलता माझ्यावर येतो. "अरे, तुझ्या बापसाला झालाय तरी काय? ऐकाया येत नाय काय त्याला?" आणि माझ्या डोक्यात एकच येतं. बहिऱ्याचा स्पीकर कोण बोलावेल? पुढच्या सगळ्या सुपाऱ्या गेल्या. प्यायलेला माणूस चालतो, हळदीला अर्धी वाडी प्यालेली असते, सकाळी कुणी काही धरून बसत नाही. म्हणून मी म्हणतो, "नाय हो काका, जरा जास्त झालीय त्यांना." माइक बायकांनी मशीनवर आणून ठेवलेला होता आणि तो चालू होता. माझं वाक्य खोक्यातून वाडीभर गेलं. सगळा मांडव हसला. आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या तुमच्यावर.

एका गोष्टीचा मला त्या रात्री आधार होता आणि नंतर तीस वर्षं राहिला. सगळ्यांनी ऐकलं, पण तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्हाला ऐकूच येत नव्हतं. परतताना टेम्पोत तुम्ही पेचकस माझ्या मांडीवर ठेवलात, "हा तुझ्याकडं ठेव, आता तूच बघ" म्हणालात, आणि पुन्हा कधी सुपारीला आला नाहीत. थकला असाल, असं मी धरून चाललो. वाडीत कुणी चेष्टेनं हाताचा अंगठा तोंडाला लावून "काय, बसायचं का?" असं विचारलं की तुम्ही हात जोडून हसायचात. मला वाटायचं, चेष्टा कसली ते तुम्हाला कळत नाही.

परवा सून घरी गेल्यावर मी तो पेचकस काढला. गिऱ्हाईक बघत होतं, पण लाज धरायचंही त्राण नव्हतं. त्याला रेस द्यायला सांगितली, टोक स्पीकरच्या कडीला लावलं, मूठ दातात धरली. माझे दात तुमच्या खुणांच्या जरा पुढे बसले. आणि आली शिट्टी, बाबा, थेट कवटीत, सुईसारखी. मग दोष सापडायला पाच मिनिटं लागली. मी अर्थिंगची वायर चेसीच्या रंगावरच आवळली होती, लोखंडाला ती नीट टेकतच नव्हती. शिकाऊ माणसाची चूक. रंग खरवडण्याच्या भानगडीत न पडता वायर सरळ बॅटरीला नेली आणि खात्री करायला पुन्हा पेचकस दातात घेतला. शिट्टी गेली होती. इतक्यात त्याला फोन आला आणि तो गाडीच्या स्पीकरवरच लागला. त्याची आई बोलत होती, "पत्रेवाला आला नाय अजून. तू जेवलास का? घाटात सावकाश ये." माणसांचं बोलणं मला हल्ली निम्मंच कळतं. ते मात्र मी शब्दन् शब्द ऐकलं, तिच्या श्वासासकट.

तेव्हा मला कळलं, बाबा. त्या हळदीला मी माइकजवळ बोललो तेव्हा तुम्ही खोक्याजवळ उकिडवे होतात. पेचकस तुमच्या दातात होता. सगळ्या मांडवात ते वाक्य सगळ्यात स्वच्छ तुम्ही ऐकलं असणार. आणि त्यानंतर बारा वर्षं, अगदी जाईपर्यंत, तुम्ही माझ्या शेजारी बसून जेवलात, माझ्याबरोबर बाजारात आलात, आणि एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही मला एक थोबाडीत मारायला हवी होती. मला अजूनही ती हवी आहे.

हे सगळं बिलबुकाच्या मागच्या पानांवर लिहिलंय. फाडून पेचकसाबरोबर खणात ठेवीन, दुसरं कुठे पाठवणार. इथेच थांबणार होतो, पण एक राहिलं. गाडी न्यायच्या आधी त्या माणसानं विचारलं, "काका, हे दातात धरून ऐकायचं कुणी शिकवलं?" मी म्हटलं, वडिलांनी. तो म्हणाला, "हां, आमचे आजोबा सांगायचे तुमच्या वडिलांचं. प्यायचे, पण कामाला पक्के होते म्हणे." गाडी चालू होती, पण तो अगदी समोर उभा होता आणि मला नीट ऐकू आलं होतं. मी मान हलवून हो म्हणालो.