आईच्या खोलीतला धोपा

५ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरल्या आहेत. आईच्या खोलीत माती नको, झाड नको, बाहेर नेणे तर नकोच. आईचे एकच चालू आहे, "मले मागं धोप्यापाशी नेऊन बसव." मोरीच्या पाण्यावर वाढलेला अळू तो, तिनेच लावलेला. नेता येत नाही. पण धोपा आत आणता येईल. फोम शीट, बाइंडिंग वायर, ॲक्रेलिक रंग. माझा सिव्हिल डिप्लोमा आहे, दिवसभर ड्रॉइंगच काढते. पान म्हणजे शेवटी एक वक्र पृष्ठभाग. रविवारपर्यंत होईल.
ठराव: रोज संध्याकाळी आईजवळ बसणे. उद्यापासून.

११ ऑगस्ट
रविवार गेला. पहिले पान आईच्या हातात दिले. तिने चोळून पाहिले. म्हणाली, "खाजत तं नाही. जात चांगली आहे. वड्या कवा करतेस?" थट्टा करते म्हणजे तब्येत सुधारते आहे. शिरा मात्र चुकल्या. पान रद्द. बसणे राहिले.

१७ ऑगस्ट
शेजारच्या निर्मलाबाई दारातूनच ओरडल्या, "काऊन वो रश्मी, माय आत एकटी आहे अन् तू इथं कागद कातरून राहिली?" तो कागद नाही, फोम आहे, हे त्यांना सांगितले. आईसाठीच आहे, हेही. त्या आईजवळ जाऊन बसल्या. बरे झाले, मला काम करता आले.

२६ ऑगस्ट
धोप्यावर पाणी ठरत नाही, म्हणून मेणाचा थर दिला. रंग तडकला. पुन्हा पहिल्यापासून. आईने हाक मारली. "येते" म्हणाले. मेण गरम होते.

२ सप्टेंबर
कुंडी खिडकीत ठेवली. तीन पाने बसवली, तिन्ही अजून पांढरी. दारातूनच विचारले, कसे दिसते? आई म्हणाली, "हिरवंगार. ये, बस ना थोडी." पांढऱ्या फोममध्ये हिरवा रंग दिसायला नजर लागते. माझ्यात ती आईकडूनच आली असावी. हाताला डिंक होता, बसले नाही.

८ सप्टेंबर
आई जेवली नाही. उकाडा आहे. पाच पाने झाली की ड्रॉइंगची कामे बंद, दिवसभर तिच्याजवळ. नक्की.

१३ सप्टेंबर
आई सकाळी गेली. निर्मलाबाई जवळ होत्या. मी मागे, खरा धोपा समोर ठेवून पाचव्या पानाचा देठ रंगवत होते. रंग जुळला.

२१ सप्टेंबर
पुण्यानुमोदन झाले. आलेल्या बायांपैकी एकीने कुंडीत तांब्याभर पाणी ओतले. म्हणजे काम जमले.
सगळे गेल्यावर खोली आवरली. आईच्या खाटेवर पहिल्यांदाच टेकले. मग तिच्या उशीवर डोके ठेवून खिडकीकडे पाहिले.
तिथून कुंडी दिसत नाही. मध्ये कपाट आहे.