पाखराची गाडी गॉर्डीला द्यावी

मी, डार्लीन ओस्ट्रोव्स्की, कै. वॉल्टर ओस्ट्रोव्स्की यांची पत्नी, वय वर्षे बहात्तर, निवृत्त कारखाना-कामगार, राहणार सॅगिनॉ, राज्य मिशिगन, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते येथे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि कोणी मागे उभे राहून सांगत नाही. गेल्या फेब्रुवारीत मी एक मृत्युपत्र केले होते. ते एका घाबरलेल्या बाईने लिहिले होते. ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, आतील सामानासह, माझी एकुलती मुलगी रेनाटा हिला द्यावे. ती ॲरिझोनात सुखी आहे, तेव्हा तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. गॅरेजचे दार उघडताना डाव्या कोपऱ्यात लाथ मारावी लागते, एवढे घेणाऱ्याला सांगावे. फसवणूक नको.

कलम २. बँकेत जे शिल्लक असेल तेही रेनाटाचेच. त्यावरून भांडायला दुसरे कोणी नाही, ही एक सोय आहे.

कलम ३. माझे पाने, पकडी, हातोड्या व लाल रंगाची पेटी गावच्या हायस्कूलच्या कार्यशाळेला द्यावी. अट एकच, मुलींनाही हात लावू द्यावा. पेटीत जॅक नाही. तो माझा चुलतभाऊ क्लॅरन्स याने एका दिवसासाठी म्हणून नेला, त्याला आता अडतीस वर्षे झाली. तो जॅक मी या कलमान्वये क्लॅरन्सलाच बहाल करते. आता तरी त्याने मला चर्चमध्ये पाहून खांबाआड जाऊ नये.

कलम ४. गाडी.

ही १९७८ सालची, काळी, दोन दारांची, बोनेटवर पंख पसरलेले सोनेरी पाखरू रंगवलेली गाडी मी स्वतःच्या पगारातून, नवी कोरी घेतली. विक्रेत्याने विचारले, "मिस्टर कुठायत?" मी म्हटले, "अजून भेटले नाहीत. चावी द्या."

तिचे दोष लपवत नाही. त्या वर्षांत धुराचे नियम आले आणि इंजिनांची रग गेली. एवढ्या लांबलचक बोनेटखाली जे आहे ते आवाजाला वाघ, पण चढावर धापा टाकते. दारे इतकी जड की बिजागऱ्या खचल्या. छताच्या दोन काचा निघतात, आणि बसवल्या तरी गळतात. वॉल्टर पहिल्यांदा माझ्याबरोबर हिच्यातून फिरायला आला तेव्हा पाऊस लागला. तो सारा वेळ मांडीवर टॉवेल पसरून बसला होता आणि म्हणत होता, "छान आहे गाडी." त्याच्याशी लग्न करायला मला तेवढे पुरले. आणि छान आहेच ती. सकाळी सुरू केली की खिडक्यांची तावदाने थरारतात आणि मला अजून सव्वीस वर्षांची असल्यासारखे वाटते.

माझा थोरला भाऊ गॉर्डन ऊर्फ गॉर्डी मात्र तिला गाडी मानत नसे. त्याच्याकडे एकोणसत्तर सालची होती, त्या नियमांआधीची, खरी रगेल. ती त्याने विकली आणि पुढच्या वर्षी मी ही घेतली. दर सणाला, भरल्या ताटावर, त्याचे एकच वाक्य असे: "पाखरू एवढं मोठं काढलंय, पण उडायला तयार नाही!" आईच्या दफनाच्या दिवशीही तो हे सगळ्यांदेखत बोलला. त्या दिवसापासून अकरा वर्षे मी त्याच्याशी बोलले नाही.

फेब्रुवारीत माझ्या फुप्फुसावर सावली दिसली. मार्चअखेर गाठ काढली. रेनाटा येऊन राहिली, पण नोकरीमुळे तिला परतावे लागले. अहवाल ऐकायला मला कोण नेणार म्हणून तिने जाताना मामाला फोन केला. एप्रिलातल्या त्या सकाळी गॉर्डी टोपी हातात घेऊन दारात उभा.

"चल, ट्रकमध्ये बस," तो म्हणाला.

"तुझ्या ट्रकमध्ये? टाके उसवतील माझे. माझी काढ."

"ती पोचेल का ॲन आर्बरच्या इस्पितळापर्यंत?"

"मी पोचेन का, ते विचार आधी."

त्याने चावी घेतली. वाटेत पाऊस आला आणि छत नेमके त्याच्या मानेवर गळू लागले. त्याने टोमणा मारला नाही. तेव्हा मला कळले की तोही घाबरला आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ साधी होती. सगळी निघाली आहे. काळजीचं कारण नाही."

"पुन्हा सांगा," गॉर्डी म्हणाला. त्यांनी सांगितले.

"अजून एकदा सांगा हो." त्यांनी पुन्हा सांगितले. मग तो खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

परतताना पाऊस थांबला होता. त्याने हमरस्ता सोडून नदीकाठचा वळणांचा जुना रस्ता धरला. तिसऱ्या वळणावर तो ओरडला, "अगं, ही वळते की!"

"मग? इतकी वर्षं डोळे मिटून बसला होतास का?"

"माझी फक्त सरळ पळायची. वळण आलं की मी ब्रेकवर उभा राहून देवाचा धावा करायचो. ही बघ कशी, रस्त्याला चिकटून." पुढच्या वळणावर म्हणाला, "मला विकावी लागली गं, डार्ली. बायकोला दिवस गेले होते, मागं पाळणा मावेना. आणि तू ही घेऊन दारात हजर."

"मग तसं म्हणायचंस."

"काय म्हणू? पोटात दुखतं म्हणून? त्यापेक्षा पाखरू उडत नाही म्हणणं सोपं होतं."

मी हसले. टाके ओढले गेले तरी हसले. वाटेत आम्ही गाडीतच डोनट खाल्ले, साखर सीटवर सांडली आणि मी त्याला काही बोलले नाही.

फेब्रुवारीच्या कागदात मी ही गाडी भंगारात दाबून टाकण्यास सांगितले होते, गॉर्डीच्या हाती लागू नये म्हणून. आता ती गॉर्डीलाच द्यावी. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे, तेव्हा तो आधी गेला तर रेनाटाला. दोघांनाही बंधन एकच. तिच्यात दुसरे, जोरदार इंजिन बसवू नये. ती आहे तशीच राहू द्यावी. तिला जेवढे जमते तेवढे तिने आजवर केले आहे.

कलम ५. माझ्यामागे चर्चच्या सभागृहात कोबीची पानगुंडाळी व पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाढाव्यात. भाषणे नकोत.

गॉर्डीला साक्षीदार म्हणून सही करायची होती. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मिळायचे आहे त्याने करू नये. म्हणून तो बाहेर गाडीत, छताच्या काचा काढून, हॉर्न वाजवत बसला आहे. माझी सही झाली की आम्ही सरोवराकडे निघणार आहोत. तरी या कागदाची कोणी घाई करू नये.

सही: डार्लीन ओस्ट्रोव्स्की

आम्हांसमोर सही केली:
१. लॉइस हॅफनर, शेजारीण
२. एल्मर टिबिट्स, निवृत्त टपालवाहक

स्थळ: सॅगिनॉ, मिशिगन
दिनांक: १४ मे २०२४