कुंकू लावलेली शहाळी

४ मे १९५३, सोमवार
डॉ. दिनानाथ म्हणाले, "लक्ष्मीकांतजी, लिव्हर खराब है. जिन बंद. नारळपाणी प्या." बंद म्हणजे बंद! खंडव्याच्या गाडीनं शहाळी मागवली.

६ मे, सकाळी
शहाळी आली. एक प्यालो. मिळमिळीत. पण निश्चय कायम.

६ मे, संध्याकाळी
जिन बंद हे खरं, पण शहाळ्यातल्या जिनबद्दल डॉक्टर काहीच बोलले नव्हते. औषध घशाखाली उतरायला फक्त एक चमचा. मग वरणाचा डाव मोरीत कसा, असं यशोधरेनं विचारलं. बायकांना फार चौकशा.

८ मे
रविवारी प्रतापराव आमच्या इंदिराला मुलासाठी बघायला येणार. राऊ गावच्या मद्यनिषेध मंडळाचे अध्यक्ष! मुलगा चांगला आहे, इंदिराच्या मनातही आहे. घरात बाटली दिसली की स्थळ गेलं. म्हणून जिन पिचकारीनं शहाळ्यात भरली, भोकं मेणानं बुजवली. आता त्यांच्यासमोर बसून बिनधास्त घेईन. घोटाळा नको म्हणून माझ्या शहाळ्यांना कुंकू लावलं. प्लॅन एकदम फर्स्ट क्लास.

१० मे, रविवार
घात झाला. कुंकू लावलेली शहाळी मानाच्या पाहुण्यांची, असं यशोधरा समजली. मला सगळ्यांदेखत बोलता येईना. प्रतापरावांनी एक संपवलं, दुसरं मागितलं. मग लेझीम खेळले. आमच्याकडे लेझीम नाही. जाताना मला मिठी मारून म्हणाले, "व्याहीबुवा, असं सात्त्विक पाणी जन्मात प्यालो नाही!" लग्न ठरलं. इंदिरा खूष. माझ्या वाट्याला साधं शहाळं.

१३ मे
प्रतापराव स्वतः आले. येत्या रविवारी मंडळाची सभा आहे, सगळ्यांसाठी तीच शहाळी हवीत, कुंकवाचीच. बाजारातलं आणून पाहिलं, त्यात तो गुण नाही म्हणाले. मी खरं सांगून टाकायचं ठरवलं. यशोधरा म्हणाली, "अहो, आधी अक्षता पडू द्या, मग बोला काय ते खरं." होती नव्हती ती सगळी जिन भरली. एक शहाळं माझ्यासाठी वेगळं ठेवलंय. एवढा हक्क आहे मला.

१७ मे, रविवार
राऊला सभा झाली. दारूला कुणी शिवायचं नाही, हा ठराव एकमतानं पास झाला. मग सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले आणि तोच पुन्हा पास झाला. खजिनदार रडले. मंडळात इतकी जान कधीच नव्हती म्हणून प्रतापरावांनी मला उपाध्यक्ष नेमलं. भाषण करायला उठलो, तेवढ्यात माझं शहाळं चिटणीसांनी संपवलं. सभेत धड उभा राहू शकणारा मी एकटाच, तेव्हा सगळ्यांना टांग्यात घालून घरोघरी पोचवायचं काम उपाध्यक्षांकडे आलं.