सरांचा पासवर्ड

सर,

‘आदरणीय’ लिहिलं होतं, पुसून टाकलं.

परदेशात अर्थशास्त्रात पीएचडी करायची म्हणून तुमच्याकडे शिफारसपत्र मागायला आले, तर तुम्ही मानही वर केली नाहीत. “तूच लिही ना. हा माझा पासवर्ड. माझ्या मेलवरून तूच टाकून दे, सगळी पोरं तेच करतात.”

म्हणून आत्ता मी तुमच्या मेलमध्ये बसले आहे. युनिव्हर्सिटीने तुम्हाला विचारलंय, ही विद्यार्थिनी कुठे कमी पडते? तुमच्या वतीने मी काय सांगू? चाकणला कंपनी बसच्या थांब्यांवर तीन महिने उभी राहून मी दोनशे कंत्राटी कामगारांशी बोलले. त्यावरचा माझा एम.ए.चा प्रबंध तुम्ही न उघडता त्यावर ‘उत्तम’ लिहिलंत. दोन वर्षं तुमच्यासमोर पहिल्या बाकावर बसले, आणि परवा मला दिपाली म्हणालात.

दुसऱ्या परीक्षक ढोबळे मॅडमनी तो प्रबंध वाचला. मला कसंबसं पास केलं आणि लाल शाईत दोन पानं लिहिली. ‘तू फक्त दिवसपाळीवाल्यांना विचारलंस. रात्रपाळीवाले कुठे गेले?’ रागाने मी आठवडाभर मॅडमशी बोलले नव्हते.

आज अर्जातून तुमचं नाव काढलं आणि त्यांचं घातलं. मी कुठे कमी पडते, ते त्यांना तरी माहीत आहे.

हे पत्र पाठवत नाही. तुमच्याच ड्राफ्टमध्ये ठेवते. ज्या दिवशी स्वतःची मेल स्वतः उघडाल, त्या दिवशी सापडेल.

तुमची विद्यार्थिनी,
करिष्मा. दिपाली नव्हे.