साऱ्या काशीबाया पुसल्या

मंगळवार, दिवेलागण, २००३

सुनंदाला म्हणलं, रडत लिहू नको, वही भिजंल.

ही माझी नात, नवीन जालन्यात बियाण्याच्या हापिसात कामाला. कपाशीच्या फुलांचं क्रॉसिंग, म्हंजी एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावायचं काम, करणाऱ्या बायांची यादी तिनं कॉम्प्युटरात नुसत्या नावानं ठेवली. केदारखेड्याची काशीबाई वारली, तिला पुसायला गेली तर साऱ्या काशीबाया पुसल्या. अगं, आपल्यात वडाखालची काशी, बहिरी काशी, असंच म्हणतेत ना? माझंबी नाव काशीच. यादीत न्हवते म्हणून वाचले.

उद्या सायेब यादी मागणार. नोकरी राहते का, देव जाणे.

तिनं कॅफेतून इंटरनेटवरच्या जाणत्यांना विचारलं, परत कशा आणू? एकानं इंग्रजीत लिहिलं, एवढंबी येत न्हाई तर दुसरं काम बघ. पुढं दोन टिंबं अन् कंस. म्हणे, हसरं तोंड.

"मंग दुसऱ्याला विचार की!"

"न्हाई आजी. समदे हसतेत."

ते आडवं हसरं तोंड डोळ्यापुढून हलंना. प्रौढांच्या शाळेत पाटीवर माझं नाव काढून दिलं, तवा मी विचारल्तं, यातला 'क' कोणता? बाया हसल्या. परत पाटी धरली न्हाई. म्हणून तर आज तिच्या हातानं लिहून राह्यले.

इथं सुनंदाचा हात थांबला. लिही, म्हणलं. तिनं लिहिलं.

कॅफे अजून तासभर उघडा हाय. दुसऱ्याला विचारायला ती उठली न्हाई.