मडमला मराठी येत नाही

२१ जून १९७१

एक अक्षर मराठी बोलायचं नाही! प्रिन्सिपॉलसाहेबांचा हुकूम. खोलीत शिरताना मी "नमस्कार, बरं आहे ना?" म्हटलं आणि त्यांचा चेहराच पडला. उठून दार लावून घेतलं, मराठी कुठलं ते विचारलं, मी सांगितलं. म्हणाले, "मिस रूथ, मी चेअरमनना अमेरिकन बाई आणतो म्हणून सांगितलंय. कारखान्याच्या जिवावर हे कॉलेज उभं आहे. आणि तुम्ही तर नेवाशाच्या निघालात!"

आता जन्मच नेवाशाजवळच्या मिशन बंगल्यात झाला, त्याला माझा काय इलाज? सांभाळलं बनुबाईनं. चौथीपर्यंत मराठी शाळा. पुढे अमेरिकेतही आई-बाबा घरात मराठीच बोलायचे, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. "तेच तर!" साहेब म्हणाले. "तुम्हाला मराठी येतं हे पोरांना कळलं, की एकही पोरगं इंग्रजीत तोंड उघडायचं नाही." यात तथ्य आहे, नाही असं नाही. शिवाय करार वर्षाचाच, पुढचं सगळं त्यांच्या हातात. परत ओहायोला जाऊन बर्फ उपसत बसायचं नाही मला. कबूल केलं.

म्हणून ही वही. दिवसभर तोंड शिवायचं, संध्याकाळी इथं टाके उसवायचे.

२४ जून

पहिला तास. मी आत गेले तर सगळा वर्ग ताडकन उभा! बसा म्हटलं, बसला. नाव विचारलं — शांतता. गाव विचारलं — शांतता. मागून मात्र हळूच, "नाक बघ की, पोपटावानी." दुसरा, "उन्हानं टमाटं झालंय बाईचं." मी फळ्याकडे तोंड करून ओठ चावत राहिले. शिकवलं काय ते आठवत नाही.

३ जुलै

राहीबाई स्वयंपाकाला येते. कारखान्याच्या चाळीत राहते, पाटाच्या पलीकडे. माझ्याशी बोलायचं तर हातवारे आणि ओरडा, जणू मी बहिरी. स्वतःशी मात्र स्टोव्हपुढे अखंड चालू! आज म्हणत होती, "चाळीचा नळ कवाचा बंद हाय. बाया हिरीवर जाऊन जाऊन मेल्या. सायबाला कुनी मोठ्या मानसानं सांगितलं तर व्हईल, आमचं कोन ऐकतंय!"

माझी मान खाली, अंडं सोलणं चालू. दुपारी सहज फिरायला निघाल्यासारखी चाळीवरून गेले आणि साहेबांना इंग्रजीत म्हटलं, तो नळ कोरडा दिसतोय बरं का.

८ जुलै

नळाला पाणी आलं! कोणाला पत्ताही नाही कोणी सांगितलं ते. मी भलतीच चलाख आहे.

१९ जुलै

दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये, असं आई सांगायची. पण कान काय काढून ठेवू? वर्गात ऐकलं, "बाई लई पळवत्यात, यष्टी सुटल्यावानी." हळू शिकवायला लागले. ऐकलं, "फळ्यावरचं मागं काय बी दिसत न्हाई." अक्षर मोठं केलं. इतकं खरं कोण कोणत्या शिक्षकाला तोंडावर सांगतं? आणि आज चांगुणा — पहिल्या बाकावरची, शेतकऱ्याची मुलगी, भुवया नेहमी चढलेल्या — उभी राहिली आणि इंग्रजीत अख्खं वाक्य बोलली. तिचा बैल तिच्या भावापेक्षा शहाणा आहे म्हणे! वर्ग फुटला हसून. मीही हसले. केवढं हलकं वाटलं!

५ ऑगस्ट

गावात नवी पिठाची गिरणी निघाली, फीत कापायला मी. कुस्त्यांचा फड, नारळ फोडायला मी. हार घालतात आणि समोर ठेवतात केळं नि ग्लुकोज बिस्किटं! शेजारी लोक ठेचा-भाकरी हाणतात आणि मी बघत बसते. गोऱ्या माणसाला तिखट सोसत नाही, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. मराठीत मागता आलं असतं तर!

१४ सप्टेंबर

आज ऐकलं ते ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

खिडकीत बसून पेपर तपासत होते. बाहेर ओट्यावर चांगुणा आणि तिची मैत्रीण दया. दया श्रीरामपूरची, पाळकांची मुलगी, वर्गात सगळ्यात सफाईनं इंग्रजी बोलते. चांगुणा म्हणाली, "दसऱ्याआधी आन्ना येनार, मला न्यायला. तुळशीचं लगीन झालं की माझं."

"प्रिन्सिपॉल सरांना सांग ना," दया म्हणाली.

"सर म्हनत्यात, घरचा मामला. कुनी मोठ्या बाईमानसानं आन्नाला म्हनलं पायजे, की थांबा जरा. आन्ना वाईट न्हाईत गं. त्यांना थांबा म्हनायला कुनी गेलंच न्हाई."

सहा पेपर परत तपासावे लागले. मोठं बाईमाणूस म्हणजे या कॉलेजात आहे कोण? मीच! आणि मला मराठी येत नाही.

२० सप्टेंबर

साहेबांना इंग्रजीत म्हटलं, चांगुणा उदास दिसते. "घरचा मामला," ते म्हणाले. राग आला. त्यांचा कमी, माझा जास्त.

२६ सप्टेंबर

चांगुणाचे वडील, आण्णा, आले. कारभारी त्यांचं नाव. पांढरं मुंडासं, धोतर, कॉलेजसाठी म्हणून पिशवीभर पेरू आणलेले. साहेबांच्या खोलीत बसले. कोणी बोलावलं नसताना मी आत गेले, दयाला दुभाषी म्हणून घेऊन. मी इंग्रजीत म्हटलं, मुलगी हुशार आहे, तिचं वर्ष पुरं होऊ द्या. दयानं मराठीत सांगितलं, "मॅडम म्हणतात, चांगुणा गेली तर त्याही अमेरिकेला निघून जातील." काय ही मुलगी! मला तर कळलंच नव्हतं ना!

कारभारींनी मला हात जोडले. "बाईस्नी म्हनावं, स्थळ राहुरीचं हाय, बोलनं झाल्यालं हाय. त्या पडल्या पाहुन्या. त्यास्नी आमच्यातलं काय कळनार?"

पाहुणी! माझं डोकंच फिरलं. करार, चेअरमन, ओहायो, सगळं गेलं चुलीत!

"आन्ना, मी पाहुनी न्हाई. नेवाशाकडची हाय, बनुबाईच्या मांडीवर वाढल्याली. लगीन मोडा म्हनत न्हाई मी. पन परीक्षेपतूर पोरीला ऱ्हाऊ द्या. आन पुढचं काय ते तिला इचारून करा."

साहेबांनी कपाळाला हात लावला. कारभारी माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "आसं व्हय. मंग बसा की बाई, उभ्या का?"

बसले. पुष्कळ बोललो. बैलांचं, पाण्याचं, राहुरीकरांचं, पोरीच्या हट्टाचं. राहुरीकर थांबतील का, ही त्यांची खरी धास्ती. मी म्हटलं, चांगली माणसं असतील तर थांबतील, नसतील तर बरंच झालं की! ते पहिल्यांदा हसले. दाराबाहेर उभ्या लेकीला त्यांनी हाक मारली. "ऱ्हायचंय का तुला?"

"यस!" चांगुणा म्हणाली. बापाला तेवढं इंग्रजी कळलं.

ते एकटेच एस्टीनं परत गेले. पेरू ठेवून गेले. मला रडू आलं, आनंदाचंच.

२७ सप्टेंबर

सकाळीच ट्रंक भरायला काढली. शब्द मोडला तो मोडला, वर साहेबांच्या तोंडावर. बोलावणं आलंच. साहेब टेबलावरचं पेपरवेट फिरवत होते. म्हणाले, "काल रात्रीच चेअरमनच्या कानावर गेलं. मी काय सांगणार? म्हटलं, तीन महिन्यांत शिकल्या. त्यांना एवढा अभिमान वाटला! म्हणाले, आपलं कॉलेज बघा, अमेरिकन बाईला मराठी शिकवलं! पुढच्या वर्षीही ठेवा त्यांना."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून खो-खो हसलो. शिपाई डोकावून गेला. ट्रंक परत पलंगाखाली गेली आणि मी राहीबाईला खणखणीत मराठीत सांगितलं, आजपासून ठेचा!

२९ सप्टेंबर, दसरा

राहीबाई सोनं द्यायला आली. आपट्याची पानं हातात घेऊन मी तिला म्हटलं, आता तुला खरं सांगते, मला पहिल्यापासून मराठी येत होतं.

"ठावं हाय की! पैल्याच दिशी तुमी उंबऱ्याला ठेचकाळला आन 'आई गं' म्हनला. चाळीला, पोरास्नी, समद्यास्नी ठावं हाय."

"मग माझ्यादेखत सगळे बोलत कसे होतात?"

"मंग? मोठ्या मानसाला तोंडावर मागायचं व्हय? बरं दिसतं का ते!"

ती गेली. मी अजून उंबऱ्यातच बसलेय. लेकी बोले, सुने लागे. मी चोरून काही ऐकलंच नव्हतं. सगळे मलाच सांगत होते.