नकाशावरची रेघ

१९ जानेवारी २००६

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. स्वयंपाकघरातला नळ अखेर मीच बदलला. आता दुप्पट गळतो.

आईला पाठवलेलं तुझं कार्ड पोस्टमनने माझ्या हातात दिलं आणि मी वाचलं. रागावू नकोस. त्यावर तुझं शहर आणि पोस्टातल्या पेटीचा नंबर होता, म्हणून हे लिहू शकतोय. तुझ्या लग्नावरून आपण दोघं हट्टाला पेटलो, तेव्हापासून तू तिलाच लिहितेस हे मला माहीत होतं. पत्ता विचारायची सोय नव्हती, आणि तुझी पत्रं ती कुठे ठेवायची ते मला आजही ठाऊक नाही.

तू लिहिलंस, मंगळवारी संध्याकाळी सहा एकोणपन्नासला ईशान्येला, चार मुठी वर, उपग्रह असा चमकला की गच्चीवर तुझी सावली पडली. आणि खाली, 'बाबांना सांगू नकोस.' मुठींनी उंची मोजायला मीच शिकवलं होतं. तुझी नोंद नेहमीसारखी चोख. कोणता उपग्रह ते लगेच ओळखलं.

पण एक विसरलीस. उपग्रहाच्या पत्र्यावरून परतणारं ऊन जमिनीवर एका अरुंद पट्ट्यातच पडतं, आणि सावली पडण्याइतकं तेज पट्ट्याच्या अगदी मधोमधच दिसतं. जन्मभर नकाशे काढलेल्या माणसाच्या घरी तू हे कळवलंस! तुमच्या शहराचा नकाशा पसरून, तू दिलेल्या वेळेवरून आणि दिशेवरून मी त्या मधोमधची रेघ ओढली. ती मालधक्क्यावरून जाते, तळ्यावरून जाते, आणि वस्ती लागते ती एकाच ठिकाणी. पाच-सहा गल्ल्या. एका सकाळीत दार सापडलं असतं.

मी पिशवी भरली. चपलाही घातल्या. मग काढून ठेवल्या.

टाळून तरी किती टाळू. ठमे, तुझी आई गेली. गेल्या महिन्यात छातीत दुखायला लागलं म्हणून हॉस्पिटलात नेलं. तुझा पत्ता दे म्हणून मी काकुळतीला आलो. तिचे डोळे दाराकडेच होते, तरी म्हणाली, "घरी गेले की मीच लिहीन तिला. तुम्ही पत्ता मागू नका, शब्द दिलाय मी." घरी जाणार याची तिला खात्री होती. मलाही होती. तिसऱ्या दिवशी संपलं सगळं. मला तिचा फार राग येतो, आणि मग रडू आवरत नाही.

तिने पाळलेला शब्द मी नकाशा पसरून अर्धा मोडलाच आहे. दाराशी येऊन पुरता मोडणार नाही. हे वाचताना मी जवळ नसेन, याने जीव तुटतो. जावईबापूंना हाक मार, एकटी बसू नकोस.

रेघ खोडून टाकली आहे. तू पत्ता लिहिलास, तर पहिल्यांदाच कळल्यासारखा वाचेन आणि त्याच दिवशी निघेन.

बोलावण्याची वाट पाहणारा,
तुझा बाबा